कर्णिक काका आणि रविवारचा पक्का घोडा

मागच्या महिन्यात द्रोणागिरीच्या आमच्या गोदामात जेवणाच्या सुट्टीत एका सहकाऱ्यानं मोबाईल माझ्यापुढे धरला. घोड्यांच्या शर्यतीच्या टिपा देणारी कुठलीशी सेवा होती. महिन्याची फी भरायची आणि शर्यतीच्या दिवशी सकाळी कुठला घोडा येणार ते मोबाईलवर कळायचं. जिंकलेल्या लोकांचे आभार, नोटांचे फोटो, हात जोडलेली चित्रं, सगळी आरास मांडलेली होती. "भरू का पैसे?" त्यानं विचारलं. मी पटकन म्हणालो, "हरलेले घोडे कुठे लिहिलेत?" पण प्रश्न माझा नव्हता. तो गजानन कर्णिकांचा होता.

कर्णिक काका आता इथे नाहीत. मुलीकडे मिरजेला गेले त्याला दोन वर्षं होतील. त्याआधी ते कामोठ्यात आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात राहायचे. तळोज्याच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात त्यांनी सगळी नोकरी काढली. कामगार किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर गेला, एवढंच लिहायचं काम. पण पनवेलपासून उरणपर्यंत लोक त्यांना ओळखायचे ते त्यासाठी नव्हे. गावोगावच्या टेनिस बॉल क्रिकेटच्या सामन्यांचे ते स्कोरर होते.

हे सामने म्हणजे काय प्रकरण असतं ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. मांडव, माईक, पहिल्या बक्षिसाला मोटारसायकल, आणि लग्नाला होणार नाही अशी गर्दी. माईकवरचा माणूस साध्या एका धावेला असा ओरडतो की जणू गावाला पाणी आलं. त्या सगळ्या गदारोळात सीमारेषेबाहेर स्वतःची घडीची खुर्ची टाकून एक किडकिडीत, पांढरी टोपी घातलेला माणूस मान खाली घालून लिहीत बसलेला दिसायचा. चेहरा असा की दोनदा भेटून तिसऱ्यांदा ओळख करून घ्यावी लागे.

त्यांचे नियम मात्र पक्के. पाणी घरचं, डबा घरचा. दोन्ही संघांकडून वडापावच्या पुड्या यायच्या आणि काका दोघांनाही हात जोडायचे. "त्यांचा वडा खाल्ला की त्यांचा वाइड दिसेनासा होतो," म्हणायचे. लिहायचे शाईच्या पेनानं. मी एकदा पेन्सिल देऊ केली तर म्हणाले, "तिच्या मागे खोडरबर असतो." प्रत्येक चेंडूनंतर स्वतःशीच पुटपुटायचे, "काही नाही... एक... काही नाही... चार." ही खोड घरातही होती. दूधवाल्यानं बेल वाजवली की आतून आवाज यायचा, "सहा बावन्न." लिफ्ट बंद पडली की "या महिन्यात तिसऱ्यांदा." त्यात तक्रार नसे. नुसती नोंद असे, आणि त्यामुळे सोसायटीचा सेक्रेटरी त्यांना जास्तच घाबरायचा.

मी त्यांच्या हाताखाली आलो तो दुसऱ्या वहीसाठी. क्रिकेटमध्ये रीतसर दोन स्कोरर लागतात. शेजारी शेजारी बसायचं, पण एकमेकाच्या वहीत डोकवायचं नाही. षटक संपलं की मोठ्यानं आकडा सांगायचा. जुळला तर पुढे जायचं, नाही जुळला तर तिथंच थांबून चूक शोधायची. गावच्या सामन्यात एवढे लाड कोण करणार? पण काका दुसरी वही असल्याशिवाय बसतच नसत. "एक वही म्हणजे एका माणसाचं म्हणणं," ते सांगायचे. रविवारी घरी लोळत पडण्यापेक्षा बरं म्हणून मी हो म्हणालो.

पहिल्याच दिवशी माझा फोन वाजला आणि मी खाली बघितलं. वर बघतो तो चेंडू होऊन गेलेला. "काका, काय झालं?" मी विचारलं. त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. पुन्हा विचारलं तेव्हा मान न वळवता म्हणाले, "पाहिलंस का? नाही ना? मग मोकळं सोड." षटकाच्या शेवटी आकडा जुळला नाही, सामना थांबला, पंचाला बोलावून खात्री केली, आणि तरीही त्यांनी मला ती जागा भरू दिली नाही. खाली सही करून कारण लिहायला लावलं. मला तेव्हा त्यांचा मनापासून राग आला होता.

पण हाच नियम ते स्वतःलाही लावायचे. सुकापूरकडच्या एका सामन्यात शेवटची दोन षटकं उरली असताना माझा आकडा त्यांच्यापेक्षा एकानं जास्त निघाला. मी घाबरून म्हणालो, "माझंच चुकलं असेल." ते म्हणाले, "असेल म्हणजे काय? बघ." बघितलं तर चूक त्यांची होती, एक नो बॉल सुटला होता. ते उठले, भर उन्हात मैदान ओलांडून माईकवाल्याकडे गेले आणि माईक हातात घेऊन म्हणाले, "स्कोरर कर्णिक यांची चूक झाली आहे. प्रमोदची वही बरोबर." लोक हसले, कुणीतरी शिट्टी मारली. काका परत येऊन खुर्चीत बसले आणि टोपी नीट केली. त्या दिवसापासून मी त्यांना खऱ्या अर्थानं मानायला लागलो.

हसुरामशेठशी त्यांची मैत्री जुळली ती भांडणातून. शेठ कामोठे गावातले मूळचे शेतकरी. जमिनी शहरासाठी गेल्या, त्या बदल्यात प्लॉट मिळाले, आणि शेठ झाले. गावचा सामना तेच भरवायचे. एका वर्षी त्यांचा सख्खा पुतण्या एकोणपन्नासवर होता आणि शेवटच्या चेंडूवर पायाला लागून एक धाव निघाली. ती संघाच्या खात्यात जाते, फलंदाजाच्या नाही. शेठ तरातरा आमच्या टेबलापाशी आले.

"कर्निक, एक रन पोराच्या नावावर लिव. फिफ्टी होते त्याची. कोनाचं काय जातंय?"

"पायाला लागला, हसुराम."

"पायाला लागला तरी धावला ना तो?"

"धावला. म्हणून संघाला दिला."

शेठनी टेबल उलथलं नाही एवढंच. पाच-पंचवीस माणसं भोवती जमली, मी वही छातीशी धरून उभा. काका बसूनच होते. शेवटी शेठ चार शिव्या घालून निघून गेले आणि आम्हाला वाटलं, या गावचा सामना संपला. पुढच्या वर्षी सगळ्यांत आधी निरोप आला तो शेठचाच. समितीत ते म्हणाले होते, "स्कोरर कर्निकच पायजे. माज्या पुतन्याला नाय दिली ती दुसऱ्याला काय देनार हाय तो?" तेव्हापासून दोघांची जोडी झाली. शेठ मोठ्यानं बोलायचे, काका ऐकायचे, आणि संध्याकाळी शेठच्या पोर्चमध्ये दोघं चहा प्यायचे. शेठना काही सल्ला हवा असला तरी काका देत नसत. "मी फक्त काय झालं ते सांगतो," म्हणायचे. "काय करायचं ते खेळणाऱ्यानं ठरवावं."

आता घोड्यांकडे येतो. शेठना कुणा नातेवाइकाच्या हळदीत 'राजटाप' नावाची टिपांची सेवा कळली. रविवारी सकाळी मोबाईलवर मेसेज यायचा, "आजचा पक्का", शर्यत कितवी आणि घोडा किती नंबरचा. शेठनी गंमत म्हणून पैसे लावले आणि लागोपाठ जिंकले. मग राजटापवाल्याचा फोन यायला लागला. गोड आवाज, "शेठजी, तुमच्यासारखा माणूस लहान डाव का खेळतो?" एकदाच मोठी रक्कम भरून कायमचं भागीदार व्हायचं, घोडे ते बघतील, शेठनी घरी बसून खायचं, अशी योजना होती. शेठकडे एकच प्लॉट उरला होता. त्यावर गाळे बांधलेले होते आणि त्यांच्या भाड्यावर घर चालायचं. बाकीचे प्लॉट लग्नांत, गाड्यांत आणि बंगल्यात गेले होते. शेठनी हा शेवटचा विकायला काढला. एक बिल्डर तयार झाला आणि पनवेलच्या रजिस्ट्रेशन ऑफिसात महिन्याभरानंतरचा एक सोमवार ठरला.

यमुनावहिनी, शेठची बायको, एका सकाळी काकांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी पेपर द्यायला तिथेच होतो.

"भावजी, त्यांना समजवा. तो पलॉट गेला का आमी खायाचं काय? मुलं त्यांच्या संसारात हायेत. मी कोनाच्या दारात जाव?"

काका म्हणाले, "वहिनी, समजावणं मला जमत नाही. मी बघून सांगतो."

त्याच संध्याकाळी शेठनी मोबाईल काढून आमच्यापुढे धरला. जिंकल्याच्या पावत्या, आभार, फोटो. काकांनी चष्मा वर करून सगळं वरपासून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, "हरलेले कुठे लिहिलेत?"

"हरलाच नाय तो."

"वर्षभरात एकदाही नाही? हसुराम, नुसते षटकार लिहिलेली वही तू कधी पाहिलीस का?"

शेठ हसले. मग अचानक हात पुढे करून म्हणाले, "चल. तू लिव. पाच रविवार. कर्निकची वही चांगली बोलली तर प्लॉट विकीन, वाईट बोलली तर नाय. झालं समाधान?" काकांनी हात दिला नाही, नुसती मान हलवली. वहिनींनी दारातून ते ऐकलं आणि आत गेल्या.

घरी आल्यावर काकांनी मला समोर बसवलं. "प्रमोद, मला घोड्यातलं काही कळत नाही. शेपूट कुठे आणि तोंड कुठे एवढंच कळतं. पण वही मला कळते." मग त्यांनी नियम सांगितले. मेसेज शर्यतीच्या आधी आला पाहिजे, आल्याची वेळ लिहायची. राजटापवाला एका रुपयाला जो भाव मिळाला म्हणून मिरवतो तो मेसेज आल्यानंतर खरोखर मिळत होता का, ते लिहायचं. त्यानं सगळ्यांसाठी पानावर टाकलेला मेसेज दुसऱ्या दिवशी जागेवर आहे का, ते बघायचं. आणि शेवटी म्हणाले, "शेठच्या फोनवर येतं ते मी लिहीन. तू तुझ्या फोनवरून फी भर. शेठचं नाव काढू नकोस. दोघांना तो एकच घोडा सांगतो का, एवढंच बघायचंय. तुझी वही तुझ्याकडे, माझी माझ्याकडे. पाचवा रविवार होईपर्यंत मला सांगायचं नाही, शेठला नाही, वहिनींनाही नाही."

"वहिनींना का नाही?"

"त्या रागात शेठला बोलतील. शेठ लगेच त्या राजटापवाल्याला फोन लावेल आणि तो सावध होईल. मग आपल्या हातात काही राहणार नाही."

पहिल्या रविवारी अकराच्या सुमाराला माझ्या फोनवर मेसेज आला. पाचवी शर्यत, सात नंबर. सात नंबर शेवटून दुसरा आला. मी लिहून ठेवलं आणि मनात म्हणालो, झालं, शेठचा प्लॉट वाचला. संध्याकाळी बेल वाजली. दारात शेठचा ड्रायव्हर, हातात पेढ्यांचा बॉक्स. "शेठचा घोडा आला, पाचव्या शर्यतीत." पेढा हातात घेऊन मी दारातच उभा राहिलो. समोरच्या दारात काकाही पेढा घेऊन उभे होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या रविवारी तेच. माझा हरला, शेठचा आला. मला राजटापवाल्याचा मेसेज आला की जॉकीनं दगा दिला, पुढच्या वेळची फी माफ. तिसऱ्या रविवारी मला दिलेला घोडा जिंकला आणि शेठचाही त्याच शर्यतीत जिंकला, म्हणजे घोडा एकच असणार, त्यामुळे मीच गोंधळलो. आपण उगाच संशय घेतला का? त्या सोमवारी राजटापच्या उघड्या पानावर आदल्या दिवशी दिलेली एक फुकटची टीप नाहीशी झालेली होती. ती हरली होती. मी काकांना ते दाखवलं, कारण ते पान सगळ्यांसाठीच होतं. त्यांनी आपल्या वहीत लिहिलं, "काल होता. आज नाही." शेठना सांगितलं तर ते म्हणाले, "फुकटचा व्हता तो. फुकटचं कसं चांगलं मिलेल?"

चौथ्या रविवारी शेठचा घोडा दुसरा आला, जेमतेम मानेच्या अंतरानं. माझा कुठेच नव्हता. त्या संध्याकाळी वहिनी पुन्हा काकांकडे आल्या. चौकशी करून आल्या होत्या. चारात तीन जिंकले, चौथा थोडक्यात गेला, म्हणजे वही चांगलीच बोलणार हे त्यांना कळलं होतं.

"भावजी, वाईट लिवा ना. एक दोन घोडे हरले असं लिवा. ते तुमच्या वहीवर इस्वास ठेवतील. कोनाचं काय जातंय?"

तेच वाक्य, नवऱ्याचं. काका खुर्चीत पुढे सरकून बसले. "वहिनी, मी असं लिहीत असतो तर हसुरामनं माझा शब्द मानला असता का?"

"मंग तुमची वहीच माजं घर खानार," वहिनी म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावून निघून गेल्या.

मी तिथेच होतो. माझ्या खिशात दुसरी वही होती आणि वहिनींना जिन्यात गाठून दोन वाक्यं सांगितली असती तर त्यांना झोप लागली असती. मला इतकं वाईट वाटत होतं की मी उठलोसुद्धा. काका म्हणाले, "बस." मग म्हणाले, "मला वाटतं तुझ्याकडे काहीतरी आहे. सांगू नकोस." आपला अंदाज चुकला तर आपल्याच खऱ्या नोंदीनं मित्राचं घर जाणार, ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर उघड दिसत होती आणि तरी त्यांनी मला बोलू दिलं नाही. मला त्या क्षणी ते हट्टी म्हातारे वाटले. आजही थोडे वाटतात.

पाचव्या रविवारी दुपारी शर्यत झाली आणि आम्ही दोघं शेठच्या पोर्चमध्ये गेलो. शेठ खुशीत होते, त्यांचा घोडा आला होता. वहिनी दाराला टेकून उभ्या होत्या. काकांनी वही उघडली, मला उघडायला सांगितली, आणि सामन्यात वाचायचे त्याच आवाजात सुरुवात केली.

"पहिला रविवार. पाचवी शर्यत. चार नंबर. जिंकला."

मी वाचलं, "पहिला रविवार. पाचवी शर्यत. सात नंबर. हरला."

शेठ हसत होते ते थांबले. "यो कोनाचा?"

"राजटापचाच. माझ्या फोनवरचा," मी म्हणालो आणि मेसेज दाखवले.

पाचही रविवार वाचून झाले. काकांच्या वहीत चार जिंकलेले, माझ्या वहीत एक. शेवटी काका म्हणाले, "माणूस एकच, शर्यत एकच, सकाळ एकच. चार रविवारी घोडे दोन. अजून किती जणांना किती घोडे सांगितले असतील ते आपल्याला माहीत नाही. कुणाचा ना कुणाचा घोडा येणारच. ज्याचा आला त्याला तो फोन करतो."

वहिनींनी मोठा श्वास घेतला. मला वाटलं, सामना संपला. पण शेठ खुर्चीत मागे टेकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

"म्हनजे मना खरा देतो आनि तुमाला खोटा."

"हसुराम..."

"आरं बरोबर हाय त्याचं! यो प्रमोद काय चार आन्याचं गिऱ्हाईक. मी भागीदार व्हनारा मानूस. तो मानूस ओलखतो, कर्निक. मना पक्का घोडा देतो."

इतक्या वर्षांत जो माणूस आला तो शेठची जमीन ओळखून आला होता. कुणीतरी शेवटी आपल्याला ओळखलं, याचा आनंद त्यांना सोडवत नव्हता. राग यावा की दया, मला कळेना. काका मात्र हळू आवाजात म्हणाले, "शर्यत संपेपर्यंत तू कोण आहेस ते त्यालाही माहीत नव्हतं, हसुराम. पहिल्या रविवारी चार नंबर हरून सात नंबर आला असता तर आज प्रमोद भागीदार झाला असता आणि तू चार आण्याचं गिऱ्हाईक."

शेठ एकदम उठले. "तुज्या वहीत काय लिवलंय? पाचात चार. बोली काय व्हती? तुजी वही चांगली बोलली तर विकीन. दुसऱ्या वहीची बोली नव्हती. उद्या सई हाय, मी जानार." आणि आत निघून गेले. वहिनी दाराशीच खाली बसल्या. काकांनी वही मिटली. शेठ म्हणाले ते शब्दाला धरून खरं होतं, आणि काकांना ते सगळ्यांत जास्त लागलं.

सोमवारी सकाळी मी कामावर निघत होतो तर काका दारात तयार उभे. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. "मला पनवेलला सोडशील?" म्हणाले. कुठे ते विचारायची गरज नव्हती. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

रजिस्ट्रेशन ऑफिसच्या बाहेर नेहमीची गर्दी होती, झेरॉक्सवाले, टायपिंगवाले, फाईल डोक्यावर धरून उन्हातून धावणारे एजंट. आत व्हरांड्यात एका लाकडी बाकावर शेठ बसले होते, पांढरा सदरा, हातात टोकनचा कागद. बिल्डरचा माणूस जरा लांब फोनवर होता. शेठनी काकांना पाहिलं आणि मान फिरवली. काका गेले आणि त्यांच्या शेजारी बसले. मी खांबाला टेकून उभा राहिलो.

"वही दाखवायला आलास का?" शेठनी विचारलं.

"नाही. वहीतलं काही सांगायचं नाही." काका म्हणाले, "विकू नकोस, हसुराम."

"आजवर तू मना कवा असं सांगितलं नाय. कितीदा विचारला मी तुला."

"नाही सांगितलं. चुकलं माझं. आज सांगतोय."

काकांचे डोळे भरले होते आणि ते लपवत नव्हते. त्यांना मी तसं आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. पुढच्या पंधरवड्यात मुलगी येऊन त्यांना मिरजेला घेऊन गेली, तब्येतीचं कारण होतं. त्या दिवशीच्या त्या बाकानंतर दोघांना एकत्र बघायचा योग मला पुन्हा आला नाही.

आतून शेठचा नंबर पुकारला. शेठ हलले नाहीत. दुसऱ्यांदा पुकारला तेव्हा बिल्डरच्या माणसानं फोन ठेवला. तिसऱ्यांदा पुकारल्यावर तो धावतच बाकापाशी आला, "शेठ, चला, नंबर जाईल, आत साहेब थांबलेत."

शेठनी त्याला हातानंच थांबवलं. "जरा थांब," म्हणाले, "कर्निक बोलतोय ना."

काका तेव्हा काहीच बोलत नव्हते. दोघं समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते, आणि आतून पुढचा नंबर पुकारला गेला.